साडेसतरा गुण आणि अठरा सूत्रे

॥ श्रीगजानन प्रसन्न ॥

मुक्काम ठाणे, कोपरी
श्रावण वद्य तृतीया, शके १८१७

शालकश्रेष्ठ, रेल्वेकुलभूषण, राजमान्य राजश्री हरिहरपंत यांसी,

वयाने बरोबरीचा म्हणून अर्धा आणि नात्याने मेहुणा म्हणून उरलेला अर्धा, असा मिळून त्र्यंबकशास्त्र्याचा एक पूर्ण नमस्कार. इकडे सर्वांचे बरे चालले आहे. तुमच्या भगिनीचा, वासंतीचा, डावा गुडघा पाऊस पडण्याआधी दुखतो व पडून गेल्यावरही दुखतो, त्यामुळे भविष्य म्हणून त्याचा उपयोग राहिलेला नाही. माझे पित्त शाळेला सुट्टी असली की शांत असते. तुमच्या प्रकृतीविषयी तपशिलाने विचारणार होतो. परंतु तुमच्याकडे पत्र ओसरीवर मोठ्याने वाचण्याची चाल आहे आणि तुमची व्याधी ओसरीवर वाचण्याजोगी नाही, म्हणून थांबतो.

तुमचे पत्र पावले. त्याचा सारांश आधी मीच लिहून काढतो, कारण चार पाने लिहूनही तो तुम्हांला सापडला असेल असे वाटत नाही. चिरंजीव उत्तरा आईवेगळी पोर. पुण्याला मावशीकडे राहून मुलींच्या शाळेत शिकली, तिचे अठरावे सरत आले, आणि आश्लेषा नक्षत्रावरची मुलगी सासूच्या जिवाला वाईट म्हणून तिची पत्रिका तीन घरांतून परत आली. आमच्या पडवीतल्या खोलीत राहणारा गुरुदत्त मास्तर तुम्हांला मनातून पसंत होता, पण कल्याणच्या मधु जोशांनी दोन्ही पत्रिका जुळवल्या तेव्हा छत्तीसांपैकी साडेसतरा गुण भरले. अठरा लागतात. त्यात मुलाची आई जिवंत. शिवाय हा मुलगा दर आठवड्याला पारशाच्या दुकानातून बाटली आणतो असे तुमच्या कानावर आले. उलट भिवंडीला एक बेचाळीस वर्षांचा बिजवर आहे, त्याला आई नाही, म्हणजे आश्लेषेला तिथे कामच नाही. तेव्हा गोकुळाष्टमीला तुम्ही भिवंडीकरांना शब्द देणार, तत्पूर्वी मी मास्तराची रीतभात पाहून कळवावे. (मुलीला कुणी विचारले का, हे चार पानांत आलेले नाही. जागा पुरली नसावी.)

कळवतो. दीड वर्ष हा मनुष्य माझ्या घरात आहे आणि माझ्याच शाळेत सृष्टिशास्त्र शिकवतो. मला आजवर त्याच्यात तीन व्यसने आढळली. पहिले, तो खरे बोलतो, तेही जेवताना. दुसरे, तो दाढी करत नाही; म्हणजे वस्तरा आहे, उत्तम धारेचा आहे, पण त्याने तो कृष्णकमळाच्या कळ्या आणि मुळांची टोके कापतो, आणि वनस्पतीला लावलेला वस्तरा हनुवटीला लावला तर धार जाते म्हणतो. तिसरे व्यसन मोजण्याचे. त्याच्यापाशी एक पितळी नळी आहे, कुणा साहेब डॉक्टरच्या सामानाच्या लिलावात मिळालेली. आमच्या आळीत तिला उलटी दुर्बीण म्हणतात, कारण तिच्यातून लांबचे काहीच दिसत नाही आणि जवळचे आहे त्याहून विचित्र दिसते. (हा गुण मी काही नातेवाइकांतही पाहिला आहे.) तिच्यात डोळा घालून हा पदवीधर सकाळचा सबंध प्रहर कृष्णकमळाच्या पोटातले दोरे मोजतो.

बाटलीचे म्हणाल तर ती बातमी खरी आहे. दर शनिवारी बाटली येते, आणि तीत कडक स्पिरिटच असते. ते पितात मात्र कळ्या. तुमच्या भगिनीच्या लोणच्याच्या बरणीत त्या आठ-आठ दिवस पडून राहतात आणि शेवटी पांढऱ्याफटक होऊन बाहेर येतात, तुमच्या मालधक्क्यावरचे काही लोक येतात तशा. बरणी गेल्याचे वासंतीला दुःख नव्हते, कळ्या गेल्याचे झाले. परसातल्या वेलीवरची फुले अष्टमीला कृष्णाला वाहायची म्हणून तिने चार वर्षे ती वेल लेकरासारखी वाढवली. हा भला माणूस कळी वाटाण्याएवढी झाली की खुडतो, कारण दोरे म्हणे तेवढ्याच वयात दिसतात. आमच्या परसाची डागडुजी करणारा कोपरीचा काळुराम कुंपणापाशी उभा राहून एकदा मला म्हणाला, "शास्त्रीबाबा, यो मास्तर फुलाला जल्माला येऊन देत नाय, न त्याची पत्रिका मातर करतंय." या विषयावर एवढे मार्मिक वाक्य मला अजून एकाही ग्रंथात आढळलेले नाही.

आता हे दोरे म्हणजे काय, ते मला समजले तेवढे सांगतो. अधिक समजले असते तर कमी बोललो असतो. वेलीचे पान, देठ, मूळ, सगळे बारीक बारीक कोठड्यांचे केलेले असते. कोठडी दुभंगून दोन होण्याच्या बेतात आली की तिच्यात काही दोरे दिसू लागतात. एरवी ते दिसत नाहीत. त्यांना रंग पाजावा लागतो. हा रंग तांबडा, विलायती, आणि कसल्याशा किड्यांचा काढलेला, असे मास्तराने (व्यसन पहिले पाहा) जेवताना सांगितले. तुमच्या भगिनीने हातातली पळी खाली ठेवली आणि ती रंगाची बाटली त्याच दिवशी गोठ्यात हद्दपार झाली. तिचा अळताही लाखेच्या किड्यांचाच असतो, हे मी बोललो नाही. तुम्हीही बोलू नये.

या दोऱ्यांना जर्मन पंडितांनी क्रोमोसोम असे नाव ठेवले आहे. वासंतीने ते 'करमसोम' असे ऐकले, आणि श्रावण असल्यामुळे सोमवारचे एखादे नवे व्रत असावे अशी समजूत करून घेतली. मास्तर पहाटे उठतो, तोंडात पाणी न घालता बसतो, कृष्णाचे फूल समोर घेतो आणि 'करमसोम' मोजतो, तेव्हा समजूत अगदीच निराधार नव्हती. आळीतल्या दोघींनी तिच्याकडून विधी विचारून नेला, आणि गेल्या सोमवारी एकीने मला या व्रताचे उद्यापन कितव्या वर्षी करावे म्हणून विचारले. मी अठराव्या वर्षी असे सांगितले आहे. तोवर मी नसेन.

अठरा का, ते ऐका. कृष्णकमळाच्या मुळातली कुठलीही कोठडी घ्या, तीत सूत्रे अठराच. मी म्हटले, यात नवल ते काय? कृष्णाचे फूल, आणि अठरा पर्वे, अठरा अक्षौहिणी, अठरा दिवसांचे युद्ध. हे मला नळीशिवाय ठाऊक होते. मास्तर नम्रपणे म्हणाला की खाडीकडच्या कुंपणावर याच जातीची एक रानवेल माजली आहे, केसाळ कळ्यांची व घाण वासाची, तिच्यात त्याने वीस मोजली. मी म्हटले, वीस म्हणजे रावणाचे हात. तुझी एक वेल महाभारत आणि दुसरी रामायण, आता अष्टादश पुराणांचे तेवढे एखादे झुडूप शोध. त्याने हेही वहीत टिपून घेतले. त्याच्याशी विनोद करण्यात हाच धोका आहे. त्याने या क्रोमोसोमांना संस्कृत नाव मागितले तेव्हा मी सरळपणे रंगसूत्र दिले. मग तीन आठवडे घरात तुमच्या पत्रांमुळे गुणांखेरीज दुसरा विषय नसल्याने वैतागून म्हटले, गुणसूत्र म्हण. तर 'वा' म्हणाला आणि पहिले खोडून दुसरे लिहिले. शास्त्रे वाढतात ती अशी.

(फुलात वाटेल ते मोजता येते हे खरे. बाहेरच्या निळ्या तंतूंना आपण शंभर कौरव म्हणतो, आतले पाच ते पांडव. चर्चचे पाद्री त्याच फुलात काटेरी मुगुट आणि खिळे मोजून दाखवतात. मी एकदा हट्टाने कौरव मोजले, बहात्तर भरले. उरलेले अठ्ठावीस त्या दिवशी रजेवर असावेत.)

अजून एक गंमत आहे, ती मात्र मला गंमत वाटली नाही. परागात अठरा नसतात, नऊच असतात. आणि फुलाच्या पोटातल्या बीजातही नऊच. दोन्ही एकत्र झाली की नवी वेल अठरांची. म्हणजे प्रत्येक वेल नऊ बापाकडची, नऊ आईकडची. आपले सगळे धर्मशास्त्र गोत्र, घराणे, आडनाव बापाच्या पदरात टाकून बसले आहे, आणि ही कुंपणावरची वेल आईला निम्मी वाटेकरीण करून मोकळी. मी दोन दिवस याला नावे ठेवली. मग उत्तरेचा विचार आला आणि नावे ठेवणे सोडले. तिचे नाक तुमच्या हिश्शातले आहे; बाकी दैवाने दुसऱ्या बाजूने घेतले.

ती आषाढात पंधरा दिवस इथे राहून गेली, हे तुम्हांला आठवत असेलच. त्या वेळी मास्तर मोठ्या संकटात होता. मुळातली सूत्रे जिथे तिथे अठरा भरत आणि एका कापात मात्र पुन्हा पुन्हा सतरा. मीही नळीत डोळा घातला. प्रथम मला एक जाड वाकडे झाड दिसले (ती माझीच पापणी होती), नंतर सूत्रे दिसली, आणि मोजली तर सतराच. मी निकाल दिला की हे रोप सदोष आहे, फेकून दे. उत्तरा मावशीच्या, म्हणजे तुमच्या दिवंगत पत्नीच्या बहिणीच्या, शिकवणीने चित्रे बरी काढते, तिने पाहून पाहून कागदावर सगळी सूत्रे उतरवली आणि म्हणाली, "सतराच दिसतात, पण यातलं एक लठ्ठ आहे."

"असेल एखादं लठ्ठ," मास्तर म्हणाला.

"लठ्ठ नाही. दोघं आहेत. एक दुसऱ्याच्या पाठीमागं उभं आहे."

मास्तराने काचेवर अंगठा दाबला आणि पुन्हा मोजली. अठरा होती. तो कागद त्याने पुठ्ठ्याला लावून वहीत ठेवला आहे, आणि वही उघडली की त्याच्या कानाच्या पाळ्या रंग पाजल्यासारख्या होतात. मी जपाची माळ हातात घेऊन बसलो होतो म्हणून मला काही दिसत नाही अशी दोघांचीही समजूत आहे.

त्या दिवसापासून त्याचा एक नियम झाला, आणि तो मला उठता बसता ऐकावा लागतो: मोजणी जुळली नाही की आधी डोळ्यावर संशय घ्यावा, मग काचेवर, मग मोजणाऱ्यावर, सूत्रावर सगळ्यांत शेवटी. आणि अर्धे सूत्र कधीच नसते. अर्धे दिसले की चूक आपलीच. परवा तुमचे पत्र घेऊन मी पडवीत बसलो होतो, साडेसतरावर माझी दृष्टी खिळली, आणि हा शेजारी पाटावर बसून तेच पुटपुटत होता. तुमच्या मधु जोशांचे अर्धे मला एकाएकी सहन होईना. (शास्त्रात अर्धा गुण असतो, मला ठाऊक आहे. सहन होईना, एवढेच म्हणतो.) पत्राबरोबर आलेली उत्तरेची पत्रिका त्याच्यापुढे टाकली आणि उपहासाने म्हटले, घे, हेही मोजून दे. त्याच्या आईला दोऱ्यांचे पटत नाही, नक्षत्राचे पटते, आणि ती अष्टमीला इथे येते आहे. तेव्हा नाही म्हणणे त्याला परवडणारे नव्हते. गुण त्याला कळत नाहीत. त्याने फक्त वरची जन्मवेळ पाहिली, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे, आणि विचारले, "शास्त्रीबुवा, ही वेळ कुणाच्या घड्याळाची?"

हरिहरपंत, हा प्रश्न अठरा वर्षांत तुम्हांला, मला किंवा मधु जोशांना सुचला नाही. मी वासंतीला हाक मारली. भावजयीच्या बाळंतपणाला ती तिथे होती. तिला स्वच्छ आठवते: आत पोर रडली, आणि बाहेर दादा ओसरीवर खिशातले घड्याळ हातात घेऊन उभा होता. कुठले घड्याळ? जे तुम्ही रोज सकाळी स्टेशनातल्या घड्याळाशी लावता आणि ज्याच्या अचूकपणाचा अभिमान तुम्ही दोन जिल्ह्यांत मिरवता. आणि स्टेशनातले घड्याळ कुणाच्या वेळेने चालते? मद्रासच्या. रेल्वे सगळ्या देशभर मद्रासच्या सूर्याची चाकरी करते, आणि तो सूर्य आपल्या सूर्याच्या अर्धा तास पुढे आहे. गेली वीस वर्षे तुम्ही कल्याणात झोपता आणि मद्रासेत उठता. आमच्याकडे जेवायला बोलावले की तुम्ही पाने मांडण्याआधी अर्धा तास दत्त म्हणून हजर. वासंती आजवर त्याला दादाची भूक समजत होती. तिने तुमची मनोमन क्षमा मागितली आहे.

मधु जोशांनी तुमचे नऊ वीस कल्याणच्या सूर्योदयाला जोडून घटका मांडल्या. म्हणजे सव्वा घटकेची, पंचाहत्तर पळांची, चूक. त्या दिवशीचे पंचांग मी शाळेतून काढून आणले. पुष्य नक्षत्र संपून आश्लेषा लागली ती पत्रिकेतल्या वेळेच्या अवघी चाळीस पळे आधी. सव्वा घटका मागे या, उत्तरा पुष्यात, आणि पस्तीस पळे हाताशी शिल्लक. तेव्हा जोशांनी केलेली पत्रिका बिनचूक आहे, फक्त ती त्यानंतर अर्ध्या तासाने कल्याणात जन्मलेल्या कुणा दुसऱ्याच मुलीची आहे. ती सासूला वाईट असेल, तिच्या वतीने मला काही बोलायचे नाही. तुमची मुलगी पुष्याची. मी तीनदा गुण मांडले. मास्तराशी साडेसव्वीस येतात. अर्धा इथेही आहेच, पण आता तो आपल्या बाजूचा आहे.

आता माझे मत. मास्तर दाढी करत नाही, स्पिरिट आणतो, लोणच्याची बरणी बुडवतो, वेलीच्या पोटात नसत्या चौकशा करतो, आणि ज्याचा कुणालाही उपयोग नाही ते चाळीस-चाळीस वेळा मोजतो. असल्या माणसाला कुणी मुलगी देऊ नये. परंतु जो एका दोऱ्यासाठी एवढे करतो, तो घरातल्या माणसाला न पाहताच लठ्ठ म्हणून सोडून देणार नाही, असे आपले मला वाटते. भिवंडीकरांविषयी मला काही ठाऊक नाही; मात्र त्यांनी सगळ्या पत्रिकेत आई नसणे हाच आपला सद्गुण पुढे केला आहे, हे मला पुरे झाले.

मुलाबाळांस आशीर्वाद, वडिलांच्या तसबिरीस नमस्कार, तुमच्या घड्याळास दोन्ही. उणे अधिक लिहिले असल्यास त्यात अर्धा तास मिळवून वाचावे.

तुमचा
त्र्यंबक

ता. क. खरे काम राहिलेच. मधु जोशी चूक कबूल करायला तयार आहेत, पण ती तुमची होती असे तुमच्या हातचे लिहून मागतात. जन्मवेळ स्टेशनच्या घड्याळाप्रमाणे घेतली, एवढी एक ओळ लिहून सही करावी आणि उद्याच्या टपालाने पाठवावी. अष्टमीला मास्तराच्या मातोश्री इथे पोहोचण्याआधी ती माझ्या हाती हवी. तुमची चूक कबूल करण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे मसुदा सोबत जोडला आहे. भिवंडीला काहीएक कळवू नये.

दुसरा ता. क. आमच्या वेलीवर आता एकही कळी नाही. तुमच्या विहिरीवरच्या वेलीची कृष्णकमळे अष्टमीला पाठवावीत. फुले नाजूक, तेव्हा टोपली उत्तरेनेच आणावी. मास्तर त्यांना हात लावणार नाही, ती उमललेली त्याच्या कामाची नसतात. टोपलीबरोबर त्याला काय पाहायचे असेल ते त्याचे तो पाहील.

तिसरा ता. क. हे फक्त तुमच्यापुरते. ओसरीवर वाचू नये, वाचून जाळावे. पंचांगे हाताशी होती म्हणून सहज माझी आणि तुमच्या भगिनीची पत्रिकाही पुन्हा मांडून पाहिली. तीस वर्षांपूर्वी मधु जोशांच्या वडिलांनी आमचे तेहतीस गुण काढले होते. मी डोळ्यावर संशय घेतला, काचेवर (चष्म्याच्या) घेतला, शेवटी मोजणाऱ्यावरही घेतला. दर वेळी अकरा. तिला यातले काही कळू देऊ नका; तीस वर्षांचा संसार चांगला चालला आहे, उगाच तिच्या मनाला लागेल.

(खाली, दुसऱ्या हस्ताक्षरात)

दादास वासंतीचा नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडेच दिले होते. अकराच आहेत, मला लग्नाच्या वर्षीच कळले. आपल्या आईला जावई पसंत होता, म्हणून तिने जोशांकडून तेहतीस करून घेतले. तू ती ओळ लिहून पाठव. टोपली मोठी घे.